नाव घ्या, सबनीस

शैलावहिनी लाकूड कानाने निवडत. दोन हातांत दोन ओंडके घ्यायच्या, एकमेकांवर आपटायच्या आणि मान जराशी कलती करून ऐकायच्या. खणखणीत वाजलं तर लाकूड सुकलेलं. नुसतं थप्प झालं तर आत पाणी आहे. थप्प करणारा ओंडका त्या डावीकडे फेकत आणि ड्रायव्हरला म्हणत, "याला पुढच्या वर्षी बोलवा."

आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपच्या मधे त्यांची वखार होती. पत्र्याची शेड, पुढे वाळूचं अंगण आणि त्यात माणसाच्या उंचीच्या लाकडाच्या राशी. राशी रचायची पद्धत त्यांची. दोन ओंडक्यांत वारा जाईल एवढी फट आणि सालीची बाजू वर. कुणी घाईत उलटा ओंडका ठेवला तर स्वतः वर चढून सुलटा करायच्या, पन्नाशी उलटून गेली होती तरी.

इकडे शेकोटी कोण पेटवतं, असं पुण्याचे नातेवाईक फोनवर हसून विचारतात. त्यांनी जानेवारीत फलज अल मुअल्लाच्या बाजूला, वाळवंटात आत, एक संध्याकाळ काढावी. ऊन उतरलं की तिथली वाळू बघता बघता गार पडते. अरब कुटुंबं तंबूपुढे लाकडं पेटवतात, श्रीमंतांच्या फार्महाऊसमध्ये भिंतीत फायरप्लेस असतात आणि शहरातल्या हॉटेलांत लाकडावरच्या भट्ट्या. या सगळ्यांना वहिनी लाकूड विकत. त्यांचे पती सुरेशभाऊ फायरप्लेसच्या पेट्या बसवत. पेटी म्हणजे भिंतीतल्या चुलाण्यात सरकवायचं जाड लोखंडी खोकं. पुढे काचेचं दार, वर धूर नेणारी स्टीलची नळी थेट गच्चीपर्यंत. इंजिनियर लोक तिला इन्सर्ट म्हणत, वहिनी पेटी म्हणत, म्हणून आम्हीही पेटीच म्हणू लागलो.

मी कमी बोलणारा माणूस आहे. ऑफिसात याचं फार कौतुक झालं, प्रमोशनंही झाली. हे लिहितोय ते सबनीसांनी वाचावं म्हणून. त्यांना मराठी वाचता येतं, आणि आता त्यांना वेळही भरपूर आहे.

वहिनींचा राग लाकडातून जायचा. मरीनातल्या एका हॉटेलच्या मॅनेजरने त्यांच्या ड्रायव्हरला भर उन्हात बेसमेंटच्या दारात ताटकळत ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढच्या खेपेला वहिनींनी समरच्या लाकडाच्या खाली, गाडीच्या तळाला, खजुराच्या खोडाचे तुकडे भरून पाठवले. समर म्हणजे आपल्या बाभळीची इकडची बहीण. जड, सावकाश जळणारी, निखारा धरून ठेवणारी. खजुराचं खोड म्हणजे नुसता काथ्या. धूर, राख आणि वैताग. शुक्रवारच्या गर्दीत त्या हॉटेलची भट्टी घुसमटली. मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी वखारीत चहा पीत होतो.

"मॅडम, ये क्या भेजा है? पूरा किचन धुआँ धुआँ."

"हबीबी, गर्मी में खड़ा रहके लकड़ी का भी दिमाग खराब होता है," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "बिस्किट घे ना. असा काय बघतोयस?"

दुसऱ्या दिवशी चांगलं लाकूड पाठवलं, त्याच भावात. मॅनेजरने त्यानंतर ड्रायव्हरला आत बसवून लबान, म्हणजे इकडचं ताक, पाजलं म्हणे. वहिनींचं माप असं असे. समोरच्याने जेवढं केलं तेवढंच, वर एक काटकीही नाही. हे माप माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सुरेशभाऊंचं काय झालं ते आता सांगतो. ते सबनीसांच्या कंपनीत फिटर होते आणि मी तिथंच साईट कोऑर्डिनेटर. सबनीस म्हणजे आमचे मालक. शिवाय मराठी मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे सगळे त्यांना साहेब म्हणत. सुरेशभाऊंचा एकच नियम होता, नळी आधी आणि पेटी मग. जुन्या विटांच्या धुराड्याला आत भेगा असतात, नळी नसेल तर त्या भेगांतून धूर घरात शिरतो. एका बंगल्यावर नळी वेळेवर आली नव्हती आणि घरमालकाकडे पाहुणे येणार होते. सबनीस म्हणाले, "पेटी सरकवून टाक. नळी पुढच्या आठवड्यात. बाहेरून कोणाला दिसतंय?"

"मी बसवूचंय नाय," सुरेशभाऊ म्हणाले आणि जाऊन पिकअपमध्ये बसले.

सबनीसांनी दुसरे दोघे बोलावले. त्यांच्याकडून पेटी सरकवून घेतली. टॉर्च मी धरला होता.

त्याच आठवड्यात घरमालकाची आई वरच्या खोलीत धुराने बेशुद्ध पडली. वाचली, पण चौकशी झाली. मीटिंगमध्ये सबनीस म्हणाले, फिटरची चूक. सुरेशभाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचारा. टॉर्च ह्याच्या हातात होता."

मी म्हणालो, "मला नीटसं आठवत नाही."

खलास. सुरेशभाऊंचा व्हिसा कॅन्सल झाला, ते कुडाळला गेले. सुरेशभाऊंनी बसवलेल्या सगळ्या पेट्या सबनीसांनी गिऱ्हाइकांकडून काढून घेतल्या, कंपनीचं नाव खराब नको म्हणून. फक्त एक ठेवली, फलजच्या त्यांच्या स्वतःच्या फार्महाऊसमधली. कारण तिच्याइतकी चांगली दुसरी नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वहिनी गेल्या नाहीत. वखार त्यांच्या नावावर होती, त्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, पैशासाठी. मलाही तसंच वाटलं, पहिली संक्रांत येईपर्यंत.

सबनीसांच्या फार्मवर दर संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम असतो. बायकांचं हळदीकुंकू, उखाणे, तिळगूळ, मग पेटीसमोर गप्पा आणि जेवण. त्या वर्षी पाहुणे जमत असताना वहिनींची पिकअप फाटकातून आत आली. काळी चंद्रकळा नेसलेल्या वहिनी हातात लांब दांड्याचा ब्रश घेऊन उतरल्या. सबनीसांच्या बायकोला म्हणाल्या, "पेटी साफ करायला आलेय. सुरेशचं काम आहे, माझ्याशिवाय कोण बघणार? पैसे नकोत." चारचौघांत नाही कसं म्हणायचं? उलट सबनीस खूश झाले. आपला मोठेपणा दिसला.

वहिनींनी सगळ्यांसमोर काम केलं. आधी पदर खोचला. दार उघडून आतला आडवा पत्रा काढला, नळीत ब्रश घातला, निघालेली काजळी कागदावर घेऊन बायकांना दाखवली. "ही बघा, कोरडी आणि भुरभुरीत. डांबरासारखी चिकट असती तर समजायचं की लाकूड ओलं आहे." मग ओला कागद राखेत बुडवून काच पुसली, आरपार दिसेपर्यंत. तळाशी बोटभर राख राहू दिली, निखाऱ्याला अंथरूण लागतं म्हणून. खाली जाड समर, वर बारीक काटक्या, आणि काडी सगळ्यात वर लावली. "आग वरून खाली उतरू द्यायची, मग धूर होत नाही." काळ्या साडीवर काजळीचा डागही दिसत नव्हता.

एव्हाना हॉलमध्ये उखाणे सुरू झाले होते. प्रत्येक बाई यमक जुळवून नवऱ्याचं नाव घेत होती, हशा पिकत होता. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुमची पाळी."

वहिनी हात पुसत उठल्या. "मी रोजच घेते. आज यांना घेऊ दे. नाव घ्या, सबनीस."

साहेब नाही, नुसतं सबनीस. त्यांनी हसून विचारलं, "कुणाचं?"

"ही पेटी कोणी बसवली?"

हॉल वाट बघत होता. पेटीत ज्वाळा स्वच्छ, पिवळ्या, उभ्या जळत होत्या.

"तुमच्या सुरेशने," सबनीस म्हणाले.

"कशी बसवली?"

"...चांगली बसवली."

"चांगली?"

"उत्तम."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो.

नंतर वहिनींचे ब्रश पिकअपमध्ये ठेवायला मी बाहेर गेलो तर त्या कुडाळला फोन लावून उभ्या होत्या. स्पीकर चालू होता. पलीकडून सुरेशभाऊंचा खोल गेलेला आवाज आला, "काय म्हणालो तो?"

"उत्तम म्हणाला. सगळ्यांसमोर."

"काच पुसलंस?"

"आरसा केलाय."

मग ते म्हणाले, "बरं."

कुडाळात फायरप्लेस कोण बसवणार? सुरेशभाऊ ओट्यावर बसून असत, गावातही बोलत नसत, असं वहिनी सांगायच्या. त्यांना वर्षाकाठी हा एक शब्द मिळायचा. पुढच्या संक्रांतीला वहिनी पुन्हा आल्या, त्याच्या पुढच्यालाही. मंडळाच्या कार्यक्रमाचा तो भागच होऊन गेला. पोरंसोरं ओरडायची, "अंकल, नाव घ्या." सबनीसांचं हसू दर वर्षी बारीक होत गेलं. एकदा त्यांनी गाडी खराब झाल्याचं कारण काढून उशिरा यायचं बघितलं. वहिनी पेटी न पेटवता वाट बघत बसून राहिल्या आणि सगळी मंडळी शाली गुंडाळून कुडकुडत बसली. शेवटी साहेबांच्या बायकोनेच फोन केला, "अहो, या आणि नाव घ्या एकदाचं."

इतका सुंदर सूड मी दुसरा पाहिलेला नाही. पण मला तो पुरेसा वाटेना. मी त्यांच्याच कंपनीत चढत गेलो होतो. सबनीस रोज माझ्या खांद्यावर हात ठेवत, आणि तो हात मला त्या मीटिंगपासून नको होता. वर्षातून एकदा लाजणं एवढीच त्याला शिक्षा? माझ्या मनात जास्त होतं.

सुरेशभाऊ आजारी पडले आणि वहिनी कुडाळला गेल्या. दोन हिवाळे त्या आल्या नाहीत, वखार ड्रायव्हरने सांभाळली. फार्मवरच्या पेटीला कुणी हात लावला नाही.

वहिनी इथं असताना एकदा वखारीत एक गिऱ्हाईक जुन्या बोटीचं लाकूड मागायला आलं होतं. खाडीकाठी जुन्या लाकडी बोटी मोडून पडलेल्या असतात. त्यांच्या फळ्या जाळल्या की निळ्या-हिरव्या ज्वाळा येतात, बघतच राहावं अशा. वहिनींनी त्याला सरळ परत पाठवलं होतं आणि मला म्हणाल्या होत्या, "समुद्राचं मीठ मुरलंय त्यात. आगीत ते मीठ लोखंड खातं. आधी आतला पत्रा, मग नळी. दोन हिवाळ्यांत पेटी भंगार." मी ऐकलं होतं आणि विसरलो नव्हतो.

त्या दोन हिवाळ्यांत मी सबनीसांना बोटीचं लाकूड पुरवलं. पोत्यांनी. स्वतःच्या गाडीच्या डिकीतून. "सर, स्पेशल आहे, तुमच्यासाठी." निळी ज्वाळा बघून ते लहान मुलासारखे हरखले. पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवू लागले, व्हिडिओ पाठवू लागले. दर व्हिडिओ मी दोनदोनदा बघायचो. जाळ, साहेब, जाळ, म्हणायचो मनात. त्यांच्या आवडत्या वस्तूला मी आतून मीठ चारत होतो, आणि मला वाटत होतं की मी सुरेशभाऊंचं काहीतरी फेडतोय.

सुरेशभाऊ गेले. दिवसकार्य उरकून काही महिन्यांनी वहिनी परतल्या आणि संक्रांतीला, काळीच साडी नेसून, फार्मवर आल्या. हळदीकुंकवाचं तबक घेतलेल्या बायका त्यांच्यापाशी येऊन घुटमळल्या, लावावं की नाही. "माझं काम तिकडे आहे," म्हणून वहिनी पेटीकडे गेल्या.

दार उघडलं. आतला पत्रा काढायला गेल्या तर तो बिस्किटासारखा हातात मोडला. नळीत ब्रश घातला तर गंजाचे पापुद्रे पावसासारखे खाली आले. त्या गुडघ्यांवर बसूनच राहिल्या. हॉलमधली बोलणी एकेक करून थांबली.

सबनीस पुढे आले, वाकून बघितलं आणि हसले. किती वर्षांनी ते मोकळं हसले.

"वहिनी, आज मी विचारतो. नाव घ्या. कोणी बसवली ही?"

कुणीही टाळी वाजवली नाही. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पत्र्याच्या तुकड्यावर पांढरी बुरशीसारखी साय धरली होती, त्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ," त्या म्हणाल्या. "लाकूड कुठलं जाळता?"

"आमच्या प्रमोदचं," सबनीस म्हणाले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "बोटीचं. काय ज्वाळा येतात."

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळायला ओंडका वाजवून बघायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्या उठल्या.

"प्रमोद, तू सांग यांना. पेटी सुरेशने वाईट बसवली होती?"

"नाही," मी म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं असेल.

"आणि त्या दुसऱ्या बंगल्यातली? ती कोणी बसवली?"

त्यांना पाहिजे होतं ते वाक्य एवढंच होतं. सबनीसांकडून त्यांनी वर्षानुवर्षं थोडंथोडं काढून घेतलेलं ते वाक्य मी एका दमात पुरं करू शकलो असतो. मंडळी समोर होती, साहेब बाजूला होते. कुणीतरी तिळगुळाचं ताट माझ्यापुढे धरलं. मी एक लाडू उचलला आणि अख्खा तोंडात घातला.

वहिनी माझं चावून होईपर्यंत थांबल्या. मग सबनीसांना म्हणाल्या, "ही आता पेटवायची नाही. नळीला भोकं पडलीत. धूर खोलीत येईल, माणूस झोपेत जाईल." आणि खरंच कुणी पेटवू नये म्हणून त्यांनी पान्याने दाराची मूठ सोडवली. मूठ बाभळीची होती, सुरेशभाऊंनी कुडाळहून आणून तासलेली. ती पिशवीत टाकून निघाल्या.

मी मागोमाग पिकअपपर्यंत गेलो. "वहिनी, मी तुमच्यासाठी केलं. त्याला धडा मिळावा म्हणून."

"माझ्यासाठी?" त्यांनी आवाज चढवला नाही. "अख्ख्या देशात त्याच्या हातचं एवढं एकच उरलं होतं, मेल्या. सबनीसने ते ठेवलं होतं. तू मोडलंस."

पिकअप सुरू झाली. त्या संध्याकाळी कुडाळला लावायला फोनही नव्हता.

सबनीसांनी तिथं विजेवरची खोटी शेकोटी बसवली. हिवाळा-उन्हाळा सारखीच जळते.

पुढच्या हिवाळ्यात अल मजाजच्या माझ्या फ्लॅटच्या दारात वहिनींच्या ड्रायव्हरने एक मोळी आणून ठेवली. सुतळीने नीट बांधलेली. बोटीचं लाकूड. मी पैसे विचारले तर म्हणाला, "मॅडम ने बोला, फ्री." बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चूल कुठली? मोळी बाल्कनीत ठेवली. टाकून देण्याचं धाडस झालं नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दुसरी आली, मग तिसरी. बायको, मेधा, विचारायची की कुणी दिलंय, का दिलंय. मुलगी कपडे वाळत घालताना वैतागायची, "बाबा, व्हाय डू वी इव्हन हॅव धिस? इट स्मेल्स लाइक फिश." मी म्हणायचो, ऑफिसचं आहे.

गेल्या हिवाळ्यात मोळी घेऊन वहिनी स्वतः आल्या. वखार विकली होती, कायमच्या कुडाळला चालल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मेधाने चहा ठेवला. त्या बसल्या नाहीत, थेट बाल्कनीत गेल्या. खाली खालिद लगूनचं पाणी ऊन खात होतं. सगळ्यात जुन्या मोळीतले दोन तुकडे उचलून त्यांनी आपटले. थप्प.

"मीठ हवेतलं पाणी ओढतं," त्या मेधाला म्हणाल्या. "हे इथं कितीही ठेवलं तरी सुकायचं नाही."

तेव्हा मी बोललो. मेधासमोर, मुलीसमोर, बाल्कनीच्या दारात उभं राहून. त्या बंगल्यातली पेटी सुरेशभाऊंनी बसवली नव्हती. ते नाही म्हणाले होते. सबनीसांनी दुसऱ्यांकडून नळीशिवाय बसवून घेतली आणि मी टॉर्च धरला होता, आणि मला सगळं आठवत होतं, तेव्हाही. सुरेशभाऊंची पेटी मिठाने मीच मारली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मेधाच्या हातात चहाचा कप तसाच होता.

वहिनींनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं बोललास. सबनीसच्या हॉलमध्ये बोलायचं होतंस. तिथं सुरेशचं नाव गेलं होतं, तुझ्या बाल्कनीत नव्हतं गेलं."

मी म्हणालो, "आता येत्या संक्रांतीला जातो, वहिनी. बोलतो."

"जा," त्या म्हणाल्या. "मी फोन घेऊन बसेन." ती संक्रांत अजून यायची आहे.

मग खाली बसल्या, नवीन मोळीची सुतळी सोडली आणि ते लाकूड जुन्या राशीवर रचू लागल्या. दोन तुकड्यांत वारा जाईल एवढी फट ठेवून, एकेक तुकडा हाताने चाचपून. मी मदतीला वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि मी उलटी ठेवलेली फळी सुलटी केली.